बोअरमधली शांतता

रबराची काळी चकती तळहातावर – अंगठीएवढी, तेलकट – आणि जमिनीची कंपनं टिपणाऱ्या यंत्राच्या टोपणात ती नीट बसली नाही तर बोअरमधलं पाणी आत शिरणार, हे माहीत असूनही तो नुसता बघत उभा... कारण काल संध्याकाळी त्याच्या सुतार मैत्रिणीने, अंगावरचा भुसा झटकत, विचारलं होतं, "मग, येऊ का तुझ्याकडे राहायला? करवत, रंधा, सगळं घेऊन?" – आणि हा बावन्न वर्षांचा बाप्या "उद्या सांगतो" म्हणून चक्क पळून आला होता. टिकटिकतं म्हणून घड्याळसुद्धा माळ्यावर टाकणारा माणूस!

"साहेब, सोडू खाली?" त्याने एकदाची चकती बसवून टोपण आवळलं, तसं ड्रिलवाल्याने विचारलं.

"सोडा. सावकाश."

लॅपटॉपच्या पडद्यावर जमिनीच्या कंपनांची रेघ थयथयत होती – रस्त्यावरचे ट्रक, ड्रिलवाल्याचे बूट, वाऱ्याने हलणाऱ्या झाडांची मुळंसुद्धा. यंत्र थोडं उतरलं आणि बूट गेले, आणखी उतरलं, झाडं गेली, मग ट्रकही. रेघ बारीक होत चालली तसा तो हरखला – हेच, हेच तर आयुष्यभर... दाराला कडी, खिडकीला जाड पडदा, आणि नोकरीही अशी की गोंगाटाच्या खाली खाली जात राहायचं. तळाशी रेघ सरळ झाली की तिला सांगून टाकू, नको म्हणून.

यंत्र तळाला टेकलं. रेघ सरळ झाली नाही. संथ, रुंद हेलकावे खात राहिली.

"बिघडलं की काय?" ड्रिलवाल्याने विचारलं.

"नाही हो. समुद्र आहे तो."

"समुद्र? इथून दोन दिवसांची वाट!"

"लाटा तिकडे उसळतात, जमीन इथे हलते. वरच्या गोंधळात कळत नाही, इतकंच."

हे त्याला पाठ होतं, इतरांना शिकवलंही होतं, पण आज...

"म्हणजे तळालाही शांतता नाहीच म्हणा," ड्रिलवाला म्हणाला.

"नाहीच!" तो म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं. कुठेच नव्हती तर... आणि मी मात्र इतकी वर्षं दार लावून शांततेची वाट बघत बसलोय – वेडाच की! येऊ दे तिला, करवत, रंधा, सगळं घेऊन!

"उडी मारा बरं एक."

"आँ?"

"मारा हो!"

दोघे घोडे धपाधप उड्या मारू लागले. खालच्या रेघेवर समुद्र आपला डुलत होता, त्याला पत्ताच नाही; पण तुलनेसाठी वर जमिनीवर ठेवलेल्या दुसऱ्या यंत्राची रेघ प्रत्येक उडीला टणकन उठत होती – हा मी, हा मी, हा मी... ड्रिलवाला धापा टाकत बाजूला झाला, तरी याला थांबावंसं वाटेना.