तात्यांचा सदरा

गलाईवाल्यांचा इतिहास राजेश्वरीबाईंनी लिहिला. त्याआधी तो लिहावा असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. विट्याची माणसं देशभरच्या शहरांत जाऊन सोनं गाळतात, तेजाबाच्या धुरात उभा जन्म काढतात, हे आता परदेशातली पोरंही त्यांच्याच पुस्तकातून शिकतात. त्यातलं गाजलेलं प्रकरण राखेचं. गलाईवाले दुकानातली धूळ, जुनी चटई, फाटके कपडे, काहीच टाकत नाहीत. जाळतात आणि राख धुऊन त्यातलं सोनं काढतात. बाईंनी ते असं जीव ओतून लिहिलं होतं, की वाचणाऱ्याला आपली फाटकी बनियनही टाकवू नये.

एवढ्या जाड पुस्तकात त्यांच्या वडिलांचा खोकला मात्र कुठंच नव्हता. नाथाजी, घरादाराचे तात्या, मदुराईत गलाईचं दुकान चालवून छातीची चाळण करून परतले आणि गेल्या वर्षी वारले. मागं राहिला खाकी सदरा, तेजाबानं भोकं पडलेला, त्यांच्या खोलीत खुंटीवर टांगलेला.

बाई निवृत्त होऊन विट्याला राहायला आल्या, आणि दिवेलागणीला त्या खोलीतून खोकला ऐकू यायला लागला. आधी कोरडा, मग दम लागेपर्यंत. जन्मभर पुराव्याशिवाय एक ओळ न लिहिलेली बाई, सांगणार कुणाला? त्या आत जात, सदऱ्याला नाक लावून तेजाबाचा वास छातीत भरून घेत. भीती वाटायची. पण हा खोकला कधी थांबला तर, याची भीती त्याहून मोठी होती. सदरा होता तोवर तात्या घरात होते.

वर्षश्राद्धाला चुलतभाऊ पृथ्वीराज मदुराईहून आला. तात्यांचं दुकान आता तोच बघायचा. आदल्या दिवशी बाईंचा साताऱ्यात सत्कार होता. शाल-नारळ घेऊन त्या दिवस मावळायच्या आत परतल्या, तर हा ओट्यावर त्यांचीच वाट बघत बसलेला. परसात त्यानं पेटवलेली भट्टी अजून धगधगत होती.

"आक्का, हात पुढं कर."

तळहातावर मोहरीएवढा सोन्याचा मणी पडला.

"तात्यांच्या सदऱ्यातला हाय. तुज्या पुस्तकात लिवलंयस तसंच केलं बग. सदरा जाळला, राख धुतली, मुशीत वितळवलं. कापड कुजून गेलं असतं, ह्ये कवाच जायाचं न्हाई. दुसऱ्या कुणाला शिवू दिलं न्हाई, समदं माज्या हातानं केलं."

बाईंनी मण्यावर मूठ मिटली. रागवायचं तरी कुणावर? त्यानं भक्तिभावानं केलं होतं.

"वाईट केलं का गं?" पृथ्वीराजचा चेहरा उतरला.

"न्हाई रं." कित्येक वर्षांनी बाईंच्या तोंडी गावची बोली आली. "मीच लिवलंय न्हवं."

त्या खोलीत गेल्या. खुंटी मोकळी होती. दिवा लावून त्या वाट बघत बसल्या. मणी नाकाशी नेला. त्याला कसलाच वास नव्हता. बाहेर अंधारलं, तरी खोली गप्पच. आता तात्या खरोखरच गेले, हे त्यांना कळलं.

मग बाई स्वतःच खोकल्या. आधी कोरडं, मग दम लागेपर्यंत, ऐकलं होतं अगदी तसं.

ओट्यावरून पृथ्वीराजचा घाबरा आवाज आला, "तात्या?"

बाईंनी ओ दिली नाही. त्या खोकतच राहिल्या.