लामणीचा माळ

आदिनाथ पहिल्यांदा आला तो एका आषाढात, मोटारसायकल पंक्चर झाली म्हणून. सांगोल्याच्या बाजूला, डांबरी सडकेपासून दीड कोस आत, हरिबाच्या मेंढरांचा तळ होता. आदिनाथ सोलापुरात राहून माळावरच्या झाडपाल्याचा अभ्यास करत होता. हरिबानं त्याला भाकरी खायला बसवलं, आणि मग पाऊस लागला की तो दरसाल यायलाच लागला. हरिबाला मामा म्हणायचा, त्याच्या बायकोला, मायाक्काला, मामी. मायाक्काला मूलबाळ नव्हतं. तो येणार असला की ती दूध झाकून बाजूला ठेवायची.

चौथ्या वर्षी हरिबानं त्याला टेकाडामागं नेऊन लामणी दाखवली. लामणी हे मायाक्कानंच ठेवलेलं नाव. पाऊस पडला की जमिनीतल्या कांद्यातनं वीत-दीड वीत दांडा वर येतो आणि त्याला लामणदिव्यागत खाली तोंड केलेली तांबूस फुलं लागतात. आदिनाथ फुलाशी उकिडवा बसला. हे आफ्रिकेतल्या गवताळ माळांवरचं फूल, म्हणाला. तिथं कोसच्या कोस फुलतं, त्याच कांद्यातनं वर्षानुवर्षं. इकडं कसं आलं, कुणालाच सांगता यायचं नाही. वाऱ्यानं फूल हलत होतं म्हणून हरिबानं दांडा चिमटीत धरला, आणि आदिनाथनं फोटो काढला.

मग हरिबानं त्याला सगळंच सांगितलं. फूल आल्यापासून बी गळेपर्यंत तो मेंढरं तिकडं फिरकू देत नसे. त्याच्या बापानंही कधी फिरकू दिली नव्हती. बी पडलं की मात्र कळप सोडायचा. मेंढरांनी गवत आखूड केलं तरच लामणीला ऊन लागतं. आदिनाथनं हे वहीत उतरवून घेतलं.

"कुनाला दावू नगंस," निघताना हरिबा म्हणाला. "मानसं उपटून न्हेत्यात."

आदिनाथनं शब्द दिला आणि मायाक्काच्या पाया पडला.

पुढच्या उन्हाळ्यात माळावर ट्रक आला. लोखंडी खांब, काटेरी तार. सहा दिवसांत गायरानाचा निम्मा तुकडा, पाण्याच्या तळ्यासकट, बंद झाला. फाटकावर कुठल्याशा संस्थेची पाटी लागली: दुर्मीळ वनस्पती, मेंढ्या चारण्यास सक्त मनाई. वर लामणीचा हा मोठा फोटो. दांडा धरलेल्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं.

"ह्यो तुमचाच अंगठा की," मायाक्का म्हणाली.

हरिबानं आदिनाथला फोन लावले. चार दिवस ते कुणी उचलले नाहीत. पाचव्या दिवशी तो एसटीनं सोलापूरला गेला आणि विचारत विचारत नवी पेठेच्या मागच्या गल्लीत आदिनाथच्या खोलीवर पोचला. आदिनाथनं खुर्ची दिली, चहा सांगितला. मग लगबगीनं लामणीवर लिहिलेलं आपलं एक गुळगुळीत पुस्तक काढून आभाराच्या पानावर छापलेलं हरिबाचं नाव दाखवलं.

"मेंढरांचं कुटं लिवलंय, ते वाच."

आदिनाथनं पान उलटलं आणि खालच्या आवाजात वाचलं, की बेसुमार मेंढीचराईमुळं ही वनस्पती नामशेष व्हायच्या बेतात आहे.

हरिबानं पुस्तक मिटलं. मग त्यानं विचारलं, माझ्याकडनं लिहून नेलंस, त्याचं काय झालं? आदिनाथ खोटं बोलला नाही, एवढं खरं. ते पहिल्यांदा त्यानं लिहिलं होतं. पण मेंढरांमुळंच लामणी टिकली असं म्हटल्यावर कुंपणाला कारण उरत नव्हतं, आणि कुंपणाच्या कामावरच संस्थेनं त्याला नोकरीला घेतलं होतं. म्हणून त्यानं ते काढून टाकलं.

"तुला ठावं हुतं," हरिबा म्हणाला. "ठावं नसताना लिवलं असतंस, तर मला काय वाटलं नसतं."

चहा आला. तो तसाच ठेवून हरिबा उठला.

पाण्यावाचून एवढा कळप सांभाळणं होईना. निम्मी मेंढरं विकून उरलेली घेऊन नवराबायको करकंबकडं गेली, ऊस निघालेल्या रानांत खतासाठी मेंढरं बसवत राहिली. मायाक्कानं आदिनाथचं नाव घेणं टाकलं होतं. एकदाच, भाकरी थापता थापता, तिनं विचारलं, "पाया पडला तवाच त्याच्या मनात हुतं का वो?"

हरिबानं चुलीत एक काटकी सारली.

पुढच्या वर्षी श्रावणात दोघं माघारी आली तेव्हा कुंपणातलं गवत कमरेला लागत होतं. दुपारी आदिनाथ तळावर आला. सकाळपासून त्यानं सगळं रान धुंडाळलं होतं आणि त्याला लामणीचे जेमतेम अकरा दांडे सापडले होते. चुकलं माझं मामा, म्हणाला. आता गवत कापायला लावतो. दुसरीकडं कुठं लामणी असली तर तेवढी दाखवा, बी आणून इथं टाकू. मायाक्कानं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती पालात निघून गेली.

"हाय," हरिबा म्हणाला. "दोन ठिकानी हाय. पर तुमाला न्हाय दावनार, सायेब."

आदिनाथनं मान वर केली. हरिबानं त्याला आजवर कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. तो पाणी प्याला आणि गेला. त्याची पाठ दिसत होती तोवर हाक दोनदा हरिबाच्या ओठांवर आली. त्यानं मारली नाही. मायाक्का बाहेर आली, तांब्या उचलला, आणि दोघं मेंढरं पाण्यावर न्यायला ओढ्याच्या वाटेला लागली.