औरेलची सही

नर्सने वेतुरियाच्या मुठीतली मेणबत्ती काढून घेतली आणि टेबलावर ठेवली.

"ताई, कितीदा सांगायचं? इथे ऑक्सिजन चालू आहे. सगळा वॉर्ड जाळता का?"

"पेटवत नाही हो. नुसती जवळ ठेवते."

"मग आईला घरी न्या आणि खुशाल पेटवा. पण मुखत्यारपत्र तुमच्या भावाच्या नावावर आहे. त्याच्या होकाराशिवाय आम्हाला सोडता येत नाही."

पलंगावर सावेता म्हातारी उघड्या डोळ्यांनी पडली होती. अर्धांगाच्या झटक्याने वाचा गेली होती, पण नजर शाबूत होती आणि ती टेबलावरच्या मेणबत्तीवरून हलत नव्हती. हातात पेटती मेणबत्ती नसताना जीव गेला, तर पुढची सगळी वाट अंधारात चालावी लागते. मारामुरेशच्या डोंगरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सावेताने तर आपली मेणबत्ती ईस्टरलाच आणून मरणाच्या कपड्यांच्या गाठोड्यात बांधून ठेवली होती. मुखत्यारपत्रही तिनेच हौसेने करून घेतलं होतं. इतकी वर्षं हगणंमुतणं काढलं वेतुरियाने, पण कागदावर नाव चढलं ते स्पेनमध्ये ट्रक चालवणाऱ्या औरेलचं. शेवटी मुलगा तो मुलगा.

वेतुरियाने जिन्यात जाऊन फोन लावला.

"दादा, तिला घरी नेऊ दे. डॉक्टरांनी हात टेकलेत."

"वेडी आहेस का? घरी काय आहे? लाकडाची चूल आणि तू! मी शनिवारी येतोय. तोवर तिथेच राहू दे."

"शनिवारपर्यंत ती राहायची नाही रे."

"वेतू, कागद माझ्या नावावर आहे ना? मग जबाबदारीही माझी. मी तिला अशी मरू देणार नाही."

बोलता बोलता त्याचा आवाज फुटला. तो दुष्ट असता तर तिला निदान भांडता तरी आलं असतं.

आई गुरुवारी दुपारी गेली. जाताना तिने उजवी मूठ घट्ट आवळली होती. वेतुरियाने एकेक बोट सोडवलं आणि तो रिकामा तळवा कितीतरी वेळ गालाशी धरून ठेवला.

नर्स कागद घेऊन आली.

"इथे सही करा आणि घेऊन जा."

"भावाची लागेल ना?"

"माणूस गेलं की मुखत्यारपत्रही संपतं, ताई. आता तुमची चालते."

नर्सने टेबलावरची मेणबत्तीही उचलून परत दिली. तेवढ्यात फोन वाजला. औरेलला हॉस्पिटलातून कळलं होतं. तो लहान मुलासारखा हमसून रडत होता.

"वेतू, मेणबत्ती... हातात होती ना तिच्या?"

वेतुरियाने मेणबत्तीकडे पाहिलं. वात कोरी, पांढरीशुभ्र होती. मनात साठलेलं सगळं तिच्या ओठांपर्यंत आलं.

"होती, दादा," ती म्हणाली. "पेटलेली होती."

मग तिने पेन उचललं आणि सही केली.