कुलूपवाले काका आणि पाणघोडा

कुलूपवाल्या काकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे साऱ्या आळीला ठाऊक होतं. आणि या गृहस्थांनी बावन्नाव्या वर्षी विद्यापीठात नाव घातलं ते कशासाठी, तर सायबर सुरक्षेची मूलतत्त्वं शिकायला. म्हणजे गुपितं कशी राखावीत ते! दारं फोनवर उघडू लागली, दुकानात किल्ली करून घ्यायला येणारी माणसं रोडावली, तेव्हा "जिथे कुलूप तिथे मी," असं ते जो भेटेल त्याला सांगत सुटले. पहिल्या वर्षी आपटले, तेही स्वतःच घरोघरी सांगून आले.

यंदा शेवटची संधी होती. लेखी परीक्षेत जे दिवे लावले होते, त्यानंतर प्रात्यक्षिकात बारा गुण तरी हवेच होते. मॅडमनी प्रत्येकाला एक बंद पाकीट दिलं. आत एक शब्द. तो आठ दिवस सांभाळायचा, आणि बाकीच्यांनी नुसतं गोड बोलून तो काढून घ्यायचा. टिकला तर तीस गुण. फुटलाच, तर कोणाच्या तोंडून फुटला ते अचूक लिहिलं की पंधरा.

काकांच्या पाकिटातून ‘पाणघोडा’ निघाला.

काकांनी स्वतःच्या जिभेची धास्ती घेतली आणि बोलणंच बंद केलं. गिऱ्हाइकांशी खुणा, घरी नुसतं "हं". बायकोने चहा कसा झालाय विचारलं, तरी यात काही डाव तर नाही ना, असं आधी मनात चाचपून बघायचे. आपण गप्प बसू शकतो याचा त्यांना इतका अभिमान वाटला, की तो कुणाला तरी सांगावा म्हणून जीव कासावीस व्हायला लागला.

सातव्या दिवशी बायको स्वयंपाकघरात रडताना दिसली.

"डॉक्टर काय म्हणाले ते सांगून टाका," ती म्हणाली. "मी धीराची आहे."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अगं, काही झालेलं नाही मला. परीक्षेसाठी आठ दिवस एक शब्द सांभाळायचाय. पाणघोडा." कुणाला सांगू नकोस, एवढंच सांगायचं राहिलं. एक शब्द लक्षात ठेवायला नवऱ्याला आठ दिवस मौन धरावं लागतं, असा तिने अर्थ लावला आणि त्यांची कीव करत जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी फोन आला. वर्गातली चष्मेवाली.

"काकू, काका हल्ली गप्प गप्प असतात. तब्येत बरी आहे ना?"

परक्या पोरीला एवढी काळजी, या विचाराने काकूंना भरून आलं. "आजारबिजार काही नाही गं. तो मेला पाणघोडा सांभाळतायत."

दुपारी चष्मेवालीने शब्द कोणाकडून काढला त्याची चिठ्ठी मॅडमच्या हाती दिली आणि शब्द वर्गाला ऐकवला. जागेवर परतताना ती काकांच्या कानाशी म्हणाली, "काकूंना नमस्कार सांगा." काका काय ते समजले.

समोर कागद आला. ‘कच्चा दुवा कोण?’ उत्तर तीन अक्षरांचं होतं आणि पंधरा गुणांचं. काकांनी पेन टेकवलं, उचललं. आपण घुम्यासारखे बसलो आणि ती बिचारी आठवडाभर काळजीने झुरली. तिला कच्ची म्हणायचं? त्यांचा हात धजेना. त्यांनी लिहिलं, ‘मी’.

मॅडमनी वाचलं. "काका, अजून पाच मिनिटं आहेत. नीट आठवा."

"राहू दे मॅडम. तेच बरोबर आहे."

घरी पोचताच बायकोने विचारलं, "काय झालं हो?"

"नापास. शब्दच विसरलो."

"एवढा मोठा पाणघोडा, आणि विसरलात?" तिने कपाळाला हात लावला. "आणि ती चष्मेवाली तुमची चौकशी करत होती. गोड आहे हो पोर."

"फार गोड आहे," काका म्हणाले.

संध्याकाळपर्यंत बातमी आळीभर झाली. दुसऱ्या दिवशी दुकानावरून जाणारा प्रत्येक जण विचारत होता, "काय काका, आठवला का?"

काका मान खाली घालून किल्ली घासत राहिले. "नाही बुवा," एवढंच म्हणाले.