जादूगाराची डावी बाही

डोळे मिटा बरं, मुलांनो. समजा, तुम्ही एका शिंप्याच्या दुकानात उभे आहात. खोली लहान. भिंतीला उभा आरसा, त्याच्यापुढे ठेंगणं स्टूल, इस्त्रीचा गरम वास आणि पायाखाली इतक्या चिंध्या की त्यात मांजर हरवावं. आणि समजा, तुम्हीच या घरातली मुलगी आहात. अंगाने काडी, बोलायला टोकदार, म्हणून सगळे तुम्हाला टाचणी म्हणतात.

या दुकानात आजवर एकही कपडा बिघडला नव्हता. विजार आखूड झाली, तर गिऱ्हाईक उंच झालेलं असायचं. सदरा घट्ट झाला, तर गिऱ्हाईक जेवून आलेलं असायचं. बाबा हे इतक्या मायेने सांगायचे की माणसं आपल्या पोटाबद्दल दिलगिरी व्यक्त करून घरी जायची. आत्या इस्त्री फिरवता फिरवता म्हणायची, "आमच्या दादाचा हात कधी चुकत नाही हो. लोकांची मापंच चंचल."

आता एकही चूक होत नसल्यामुळे बाबांना काही शिकायची गरजही पडली नव्हती. ते पहिल्या दिवशी जसे शिवत, तसेच अजून शिवत होते.

चुकायची परवानगी गिऱ्हाइकांखेरीज फक्त टाचणीला होती, तीसुद्धा एकदाच. त्या आठवड्यात तिला पहिल्यांदा कात्री मिळाली. एका जादूगाराचा काळा मखमली कोट शिवायचा होता आणि बाह्या तिने बेतायच्या होत्या. बाबांनी तिचा तळहात मखमलीवर फिरवला.

"इकडून मऊ, तिकडून खरबरीत. कळलं? ही लव. सगळे तुकडे एकाच दिशेने बेतायचे. नाहीतर उजेडात एक काळा दिसेल न् एक राखाडी. आणि चुकलीस, तर कात्री परत माझ्याकडे."

टाचणीने उजवी बाही झकास बेतली. डावीसाठी मात्र तो जडशीळ तागा आणखी उलगडायला हवा होता, कारण उरलेल्या जागेत बाहीचा साचा उलटा ठेवला तरच बसत होता. बाहेर मैत्रिणी हाका मारत होत्या. तिने तागा उलगडलाच नाही, कागदी साचा तेवढा उलटा फिरवला. कोण बघतंय?

कोणीच बघितलं नाही. बाबांनी बाही जोडली, पण चष्म्याशिवाय. चष्मा डोळे बिघडलेल्यांनी लावायचा, आणि या दुकानात काही बिघडत नव्हतं. मग आत्याने कोट दाराशी टांगला, त्यावर ऊन पडलं आणि टाचणीने बघितलं. सगळा कोट काळाकुट्ट, आणि डावी बाही चुलीतल्या राखेसारखी!

तिने काय केलं? कोट उचलून अंधाऱ्या कोपऱ्यात टांगला. साचा फिरवला होता तो आळसाने. हे काम मात्र तिने मेहनत घेऊन, टाचा उंचावून केलं.

दुपारी जादूगार आला. प्रयोग त्याच संध्याकाळी होता. तो कोट चढवून आरशासमोर उभा राहिला, मग दाराच्या उजेडात सरकला आणि डावा हात वळवून वळवून बघू लागला.

"शिंपीदादा, ही बाही चमकतेय."

"कुठे?" बाबा म्हणाले.

"डावी. अहो, माझे सगळे पत्ते डाव्या बाहीत असतात! लोकांनी उजवीकडे बघायला हवं. आता सगळा मंडप डावीकडेच बघेल."

बाबांनी मान तिरकी करून त्याला न्याहाळलं. "एक विचारू? राग मानू नका. लहानपणी डाव्या खांद्यावर पडला होतात का?"

"नाही... म्हणजे, एकदा सायकलवरून पडलो होतो."

"तेच! खांदा उतरलाय. त्यामुळे बाहीवर उजेड तिरपा पडतो."

"तरी मी म्हणतेय, चालताना असे कलंडतात का," आत्या म्हणाली.

जादूगाराने डावा खांदा वर ओढला. बाही चमकलीच. अजून ओढला. आता तो खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता.

"असं धरून पत्ते काढता येतील?" त्याने काकुळतीने विचारलं.

"सवय होईल," बाबा म्हणाले.

टाचणीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. बाबांनी तिला कसं अलगद सोडवलं होतं! कात्री तिची, खांदा जादूगाराचा. तिने फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. जादूगाराने एक पत्ता काढून बघितला. खांदा वर धरलेला, त्यामुळे पत्ता बोटांतून निसटला आणि चिंध्यांत पडला. तो ओशाळून हसला. "माझंच चुकतंय," तो म्हणाला.

"खांद्याला काही झालेलं नाही," टाचणी म्हणाली. "बाही मी उलट दिशेने बेतली. मला माहीत होतं. कोटसुद्धा मीच अंधारात टांगला."

आत्याची इस्त्री थांबली. जादूगाराचा खांदा धपकन खाली आला. "म्हणजे मी सरळ आहे?"

"तसे सरळच आहात," बाबा पुटपुटले, आणि टाचणीकडे वळले. आपल्या दुकानात चूक झाली असं कोणी म्हटल्यावर काय बोलायचं असतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांना एवढंच सुचलं, "कात्री इकडे दे."

टाचणीने कात्री दिली. डोळे भरून आले होते, ते तिने स्वतःच्या बाहीने पुसले. मग तिने जादूगाराच्या अंगातून कोट उतरवून घेतला, दाराच्या उजेडात मांडी घातली आणि नवी बाही लावता यावी म्हणून सुईच्या टोकाने डाव्या खांद्याची शिवण उसवायला घेतली.