डावा खुंट

जमीन इतकी गोठली होती की पहार मारली की नुसत्या ठिणग्या उडत. आर्मास पुहाक्काने दोनदा प्रयत्न केला, पोटभर शिव्या घातल्या आणि मग खंदकातल्या शेगडीतले निखारे आणून मशीनगनच्या पुढ्यात पसरले. जमीन जरा सैल झाल्यावर त्याने भोक पाडलं, त्यात बेचकं असलेली बर्चची जाड काठी उभी केली आणि वरून बादलीभर पाणी ओतलं. पाणी बघता बघता दगड झालं. आता तो खुंट हलवायचा तर घोडा जुंपावा लागला असता.

असे दोन खुंट होते. उजव्याला नळी टेकली की गोळ्या ओढ्यावरच्या पुलापलीकडे रस्त्यावर जायच्या. डाव्याला टेकली की झुडपांच्या कडेवर. त्याच्याही डावीकडे नळी जाऊ नये, म्हणूनच तो खुंट होता. तिकडे सुरुंगांमधून काढलेली वाट होती आणि आपली टेहळणीची माणसं त्याच वाटेने ये-जा करत. दोन्ही खुंटांना आर्मासने एक फळी आडवी बांधली. नळी फळीवर टेकवून फिरवली की गोळ्या बर्फावरून गुडघाभर उंचीने जायच्या. डोळ्यांपुढे काही दिसो न दिसो.

खुंटांची कल्पना सार्जंट कोस्ती लामानेनची. रशियाशी युद्ध पेटण्याआधी तो फिनलंडमध्ये लादोगा सरोवराच्या काठी शाळेत शिकवायचा, त्यामुळे सगळी तुकडी त्याला ‘मास्तर’च म्हणे. फळी मात्र आर्मासची. मास्तरने ती बघून मान डोलावली आणि म्हणाला, “आता तपासून बघ. तपासल्याशिवाय मी कुणालाच पास करत नाही.”

आर्मासने एकेक गोळी झाडली आणि स्वतः चालत जाऊन झुडपांवरच्या ताज्या खुणा पाहिल्या. गोळ्या आणि वाट यांच्यामध्ये एखादं कोठार मावेल एवढी जागा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हेइक्को टेहळणीला निघाला. व्हेइक्को सोर्मुनेन म्हणजे आर्मासच्या बायकोचा धाकटा भाऊ. तोंडाचा फटकळ, पण स्कीवर चढला की वारा. पाठीमागे चार जण घेऊन तो मशीनगनपाशी थांबला.

“दाजी, हे काय? वाटाण्याचे वेल चढवताय?”

“तुझंच थोबाड वाचावं म्हणून ठोकलेत. येताना वाट सोडू नकोस. झुडपांच्या पुलाकडच्या अंगाला आलास तर तुझ्या बहिणीला मी तोंड दाखवू शकणार नाही.”

“मी कधी रस्ता चुकलोय का?”

“लग्नाला निघालास आणि बारशाला पोचलास, ते विसरलो नाही मी.”

मशीनगनला गोळ्यांचा पट्टा भरणारा रेइनो तुर्क्की एवढा हसला की त्याच्या तोंडातली राईच्या पावाची कड खाली पडली. पाचही जण पांढऱ्या झग्यांत झुडपांआड दिसेनासे झाले.

दुपारी लादोगावरून वादळ आलं. आधी पूल दिसेना, मग झुडपं, मग नळीचं टोकसुद्धा. मास्तर खंदकाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. टेलिफोनची तार तुटली होती. पुढे कुठेतरी बंदुका वाजल्या, थांबल्या, पुन्हा वाजल्या.

“व्हेइक्कोच्या मागे लागलेत,” रेइनो म्हणाला.

आर्मासने टोपीची कानपट्टी वर केली आणि श्वास रोखून ऐकलं. उजवीकडून, पुलाच्या दिशेने, लाकडावर बुटांचा आवाज येत होता. पाच-दहा जणांचा नव्हे, खूप माणसांचा. मध्येच रशियनमध्ये कुणीतरी ओरडलं.

“रेइनो, पट्टा.”

“वेड लागलं का? तुझा मेहुणा बाहेर आहे! एक वीत दिसत नाही आणि तू झाडतोस?”

आर्मासने पुन्हा पुलाकडे कान दिला. थांबावं, तर ती सगळी माणसं पूल ओलांडून खंदकात उतरणार. मग व्हेइक्को परत यायचा तरी कुणाकडे? त्याने हातमोजा काढला, उघड्या हाताने फळी चाचपली, उजवा खुंट चाचपला, डावा चाचपला. तिन्ही जिथल्या तिथे होते.

“मी त्या झुडपांपर्यंत स्वतः चालत गेलोय,” तो म्हणाला. “दे पट्टा.”

मशीनगन गरजली. उजव्या खुंटापासून तो सावकाश डावीकडे आला, नळी खुंटावर टक्कन आपटली, की पुन्हा उजवीकडे. पुलाच्या बाजूने किंकाळ्या आल्या, आरडाओरडा आला. उलट गोळ्याही आल्या, पण सगळ्या डोक्यावरून, कारण त्यांनाही काही दिसत नव्हतं. दुसरा पट्टा. तिसरा. नळी गार राहावी म्हणून तिच्याभोवती भरलेलं पाणी उकळायला लागलं आणि वाफेचे लोट उठले.

आणि मग टक्कन आवाज यायचा तिथे मऊ धप्प आवाज आला.

आर्मासने वाकून पाहिलं. गरम पाणी ठिबकून डाव्या खुंटाच्या बुडाचा बर्फ वितळला होता. खुंट वाटेच्या बाजूला कलत होता.

“खुंट सुटला!”

इतक्यात मास्तर खंदकातून रांगत आला. “फायर कुणी सांग—” एवढंच त्याच्या तोंडून निघालं. त्याने कललेला खुंट पाहिला, पुलाकडचा आवाज ऐकला आणि पुढचं वाक्य गिळलं. खुंटाच्या डाव्या बाजूला जाऊन तो खाली बसला, पाठ खुंटाला लावली, बूट खंदकाच्या भिंतीत रोवले आणि सगळ्या अंगाने खुंट सरळ रेटला.

“मार, आर्मास! मी इथून हलत नाही!”

नळी खुंटावर आपटायची तेव्हा मास्तरची पाठ हादरायची, कोटाला वाफेचे चटके बसायचे आणि तो वर्गात ओरडावं तसा ओरडायचा, “पुन्हा! पुन्हा!” पट्टा सरकत होता, रेइनो रडत होता की हसत होता ते त्यालाच ठाऊक.

पुलाकडचा गलका पातळ झाला, मागे मागे गेला आणि थांबला. आर्मासने बोटं घोड्यावरून सोडवली. ती सरळ होईनात.

तेवढ्यात डावीकडून, अगदी वाटेवरूनच, आवाज आला. “अहो दाजी! आम्ही आलोय! आता बास करा!”

पाचही जण होते. एकाच्या दंडातून रक्त येत होतं, पण ते मघाच्या पाठलागातलं. व्हेइक्कोच्या भुवया बर्फाने पांढऱ्या झाल्या होत्या. “वादळात पार भरकटलो होतो,” तो धापा टाकत म्हणाला. “तळ्याकडे चाललो होतो आम्ही! तुमची मशीनगन सुरू झाली आणि कळलं घर कुठे आहे ते. मग काय, गोळ्या डाव्या कानाला ठेवल्या आणि आलो सरळ.”

आर्मासला कानात नुसती शिट्टी ऐकू येत होती. “काय म्हणालास?” तो जिवाच्या आकांताने ओरडला.

“म्हटलं, मी रस्ता चुकलो होतो!”

“ऐकू आलं नाही! मोठ्याने बोल!”

“चुकलो होतो, दाजी! चुकलो होतो!” व्हेइक्को सगळ्या खंदकाला ऐकू जाईल असं बोंबलला आणि आर्मासने त्याला असा मिठीत आवळला की दोघंही बर्फात आडवे झाले. रेइनो त्यांच्यावर पडला. व्हेइक्कोच्या चार साथीदारांपैकी कुणीतरी टोपी वर फेकली, वाऱ्याने ती पुलाकडे नेली आणि सगळे आणखीच हसले.

वादळ ओसरलं तेव्हा पूल रिकामा होता. रशियन जखमींना घेऊन जंगलात परतले होते आणि त्यांची एक बर्फगाडी दारूगोळ्यासकट कठड्याला अडकून राहिली होती.

तार जोडल्याबरोबर कंपनीतून टेलिफोन आला. मास्तरने पाठ चोळत रिसीव्हर उचलला.

“हो साहेब, पूल आपल्याच ताब्यात आहे... नाही, एकही माणूस गेला नाही... कुमक?” त्याने खंदकात नजर फिरवली. काळेठिक्कर चेहरे, वाफाळणारी मशीनगन, आणि अजूनही एकमेकांवर ओरडणारे दाजी-मेहुणे.

“कुमक नको, साहेब. कॉफी पाठवा. भरपूर पाठवा.”