विहिणीचं गाणं आणि लॉजिकवाला पोरगा

आमच्या प्रेरणाला पाहायला यवतमाळहून साकेत आला, तेव्हाच मी ठरवून बसले होते की पोरगी ते बघतील, पण पोरगा मी बघीन. आमच्या दिग्रसचा व्यापारी कापूस घेताना ढिगात कोपरापर्यंत हात खुपसतो. वरवरचा कापूस तर सगळ्यांचाच पांढरा असतो.

नात माझी गाणी बनवते. दुकानांच्या जाहिराती, शाळेचं गॅदरिंग, हळदी. गावात फिरणाऱ्या अर्ध्या ऑटोंच्या भोंग्यात तिचीच चाल वाजते. तिची अट एकच, लग्नानंतर हे काम सुटणार नाही. आधीचे दोघे म्हणाले, छंद म्हणून करू द्या की. त्या दोघांना मी पोहे खाऊ घालून वाटेला लावलं. साकेत स्वतःच संगीतकार, म्हणून या वेळी पोरीनं साडी जरा मनापासून नेसली होती. मला दिसलं ते.

साकेतची आई शीलाबाई सोफ्यावर बसल्या त्या पाठ न टेकता. वडील वामनराव चहात रमले.

"तू कशावर काम करतेस?" साकेतनं विचारलं.

"रीपरवर." कॉम्प्युटरवर गाणी बनवायचं सॉफ्टवेअर ते.

तो हसला. ते हसू मला आवडलं नाही. "रीपर ठीक आहे गं. पण मोठं काम करणारे लॉजिक घेतात. वाद्यांचा खजिना आतच मिळतो."

"अन् त्याले ॲपलचंच मशीन लागते," प्रेरणा म्हणाली. "माह्या जुन्या कॉम्प्युटरवर रीपर वाऱ्यासारखं पळते. जे बटन जिथं पाहिजे तिथं ठेवता येते."

"बीट बनवणारे एफएल स्टुडिओ घेतात, सिनेमावाल्यांना क्युबेस लागतं, स्टेजवर..."

"बापू, थांब," मी म्हटलं. "भाजीले चव हाताची असते का गंजाची, भांड्याची?"

"आजी, गंज चांगला असला तर..."

"तर मंग रांधून दाखव. मी गाते, तू त्याचं गाणं बनव."

त्यानं बॅगेतून लॅपटॉप काढला, माईक लावला, माझ्या कानावर हेडफोनची डबडी चढवली. आत टकटक सुरू. या टकटकीवर गा, म्हणाला. तोंडात आलं ते मी गायले:

*विहीण माही तोऱ्याची, नथ तिची मोठी,*
*चारदा मीठ वरणात, पाहुणे उपाशीपोटी.*

असं गाणं गाताना बायांना हसायला मधे जागा ठेवावी लागते. त्यानं त्या जागा चुका समजून बुजवल्या, अक्षर न् अक्षर टकटकीवर नेऊन बसवलं. वाजवलं तर शब्दही कळेना.

"हे मी नाही गायले," मी म्हटलं. "हे जिनिंगचं मशीन गायलं."

प्रेरणा मला आपल्या कॉम्प्युटरपाशी घेऊन गेली. "टकटक नाही आजी. तू तुह्या मनानं गाय. ताल मी तुह्या मागून आणते."

मी गायले. मग ती पडद्यावरच्या तालाच्या उभ्या रेघा माझ्या श्वासाप्रमाणे ओढत गेली अन् खाली ढोलकी टाकली. वाजवलं तर एकेक शब्द लख्ख. वामनरावांना हसताना ठसका लागला.

शीलाबाई हसल्या नाहीत. "कोकिळाबाई, आमच्यात विहिणीचं गाणं लग्न ठरून सुपारी फुटल्यावर म्हणतात."

आमच्यातही तेव्हाच म्हणतात. पोरीला न विचारता मी भर बैठकीत होकार गाऊन बसले होते, तोही दोनदा.

"तर मग होकार समजायचा का?" शीलाबाईंनी विचारलं.

साकेतचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. तो प्रेरणाशेजारी खाली बसला होता. "या रेघा तू आवाजामागे कशा नेल्यास? परत दाखव."

"लॉजिकमध्येही होते की हे."

"होतं. मी कधी केलंच नाही. मी माणसालाच मशीनमागे पळवत आलो."

"साकेत, वर बस," शीलाबाई म्हणाल्या.

"थांब गं आई."

मी नातीकडे वळले. जन्मात कोणाची माफी मागितली नव्हती. "पोरी, माह्या तोंडून निघून गेलं. खोडता येते का हे?"

"एका बटनात, आजी." तिचं बोट बटनावर होतं. तिनं साकेतला विचारलं, "तुमच्या घरी माह्या कामाले जागा हाय का? छंदाले नाही. कामाले."

"टेबल मोठं आहे," तो म्हणाला. "खुर्ची एकच आहे."

"मंग अजून एक आणा."

"आणतो. पण आधी हे शिकव."

तिनं बोट सरकवलं अन् गाणं सेव्ह केलं. माईक माझ्याकडे फिरवून म्हणाली, "आजी, दुसरं कडवं."

"दुसऱ्यात माझं काय करणार आहात?" शीलाबाईंनी विचारलं.

"ते तुमच्या वागण्यावर हाय, विहीणबाई," मी म्हटलं अन् घसा खाकरला.